दर्शनी भिंतीला एक भोक

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शुभांगण सोसायटीचे चेअरमन माननीय सुधीरराव, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले कमिटीचे सगळे सन्माननीय सदस्य, आज आपण जिला निरोप देतो आहोत ती माझी शेजारीण नीला, तिचा मुलगा अर्णव, सून रुचिरा, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे राहिलेले बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मला सांगण्यात आलंय की नीलाबद्दल चार गोड शब्द बोला आणि लवकर आटपा, बटाटेवडे गार होतील. गोड बोलणं मला जमत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी माईक माझ्याच हातात दिलात, त्याला मी काय करू?

नीला लग्न होऊन भिवंडीच्या या कामतघर भागात आली ती याच इमारतीत. निम्म्या घरांच्या किल्ल्या तिच्या दारामागच्या खिळ्यांवर लटकतात. अशी बाई रविवारी टेम्पो भरून कल्याणला भाड्याच्या घरात जाणार. का? निमंत्रणावर छापलंय, ‘कौटुंबिक कारणास्तव’. कुटुंबात काही बिघडलेलं नाही हो. कारण एका नळीचं आहे.

नवे सभासद बसलेत, म्हणून सांगते. आपल्या सगळ्यांच्या न्हाणीघरात गॅसचे गिझर आहेत आणि त्यांच्या धुराच्या नळ्या मधल्या डक्टमध्ये, म्हणजे गच्चीपर्यंत जाणाऱ्या उभ्या पोकळीत, सोडलेल्या आहेत. या डक्टमध्ये कबुतरं फार झाली, म्हणून कमिटीने गच्चीवर त्याच्या तोंडाला जाळी ठोकली. चांगली बारीक जाळी. त्या कामाचे फोटोसुद्धा काढले. पण आपल्यासमोर लूमचा कारखाना आहे, तिथून दिवसरात्र कापूस उडतो, आपण खिडक्यांच्या जाळ्या दर आठवड्याला धुतो, मग गच्चीवरची कोण धुणार होतं? दिवाळी येईपर्यंत त्या जाळीची गादी झाली होती. वर धूर जायला जागाच नाही.

नरक चतुर्दशीला पहाटे काय होतं? उटणं लावून प्रत्येकाला उजाडायच्या आत आंघोळ उरकायची असते. सगळ्या घरांतले गिझर एकदम सुरू. नीलाकडे रुचिराचा नंबर शेवटचा. नीला बाहेरून हाका मारतेय, “रुचिरा, फराळ मांडलाय गं, ये लवकर.” आतून फक्त पाण्याचा आवाज. अर्णवने खांद्याने दार तोडलं, तेव्हा ही फरशीवर पडलेली. डॉक्टर म्हणाले, गिझरच्या धुरातल्या या वायूला रंग नाही, वास नाही, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.

आणि आपण काय म्हणालो? “उपाशीपोटी आंघोळ केली असेल.” “नवी सून आहे, नाजूक दिसते.” सुधीरराव, तुम्ही जिन्यात नीलाला म्हणालात, “वहिनी, आंघोळ करताना खिडकी जरा उघडी ठेवायची.” समोर लूमची गॅलरी, शिफ्ट सुटली की तिथे रांगेने माणसं उभी असतात! मी विचारलं, तुम्ही ठेवता का उघडी? तर म्हणे, “माझी गोष्ट वेगळी आहे.” आहेच वेगळी. तुमच्याकडे बघायला कोण उभं राहणार?

हसू नका. मला हसवायचं नाहीये.

त्यानंतर कमिटीने जाळी धुतली आणि पुन्हा तिथेच ठोकली.

मग नीलाने धम्मदिनाला बोलावलं. ती काय, तिसऱ्या रांगेत. गॅसची उपकरणं बसवण्याचा तिचा स्वतःचा धंदा आहे. तिने बॅटरी मारून डक्ट पाहिला आणि म्हणाली, “काकू, या बाटलीला तुम्ही बूच मारलंय.” गिझर बदलायचा, असं तिचं म्हणणं. नव्या गिझरला नळीत नळी असते. आतलीतून धूर बाहेर जातो, बाहेरचीतून ज्योतीला लागणारी हवा आत येते. न्हाणीघरातल्या हवेशी त्याचा संबंधच नाही. नळी रस्त्याकडच्या भिंतीतून सरळ बाहेर काढायची, वळणं द्यायची नाहीत, बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायचा म्हणजे पाण्याचे थेंब गिझरमध्ये परत येणार नाहीत, आणि तोंड कोणाच्याही खिडकीखाली येऊ द्यायचं नाही. तोंडावर अडकलेला कापूस मात्र आठवणीने पुसायचा. नीलाने घाबरत विचारलं, “भोक केवढं पडेल गं?” तर म्हणाली, “पुरीएवढं.”

त्या पुरीएवढ्या भोकाला कमिटीने परवानगी नाकारली. का, तर एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, खराब होईल. नुकताच रंग दिलाय. “आज यांनी नळी काढली, उद्या प्रत्येक जण काढेल.” अहो, काढू दे की! प्रत्येकाने काढायलाच हवी. “विजेचा गिझर घ्या” म्हणालात. भिवंडीत सकाळी वीज असेल याची हमी कमिटी देते का?

रुचिरा माहेरी गेली. सासूला म्हणाली, “आई, तुमच्याकडे येईन, पण त्या न्हाणीघरात पाय ठेवणार नाही.” तिचं काय चुकलं? म्हणून नीला घर सोडतेय. तिला जायचं नाही. काल भांडी कागदात गुंडाळताना ती एकटीच रडत होती, मी पाहिलंय.

काय म्हणालात सुधीरराव? मोठ्याने बोला. “विषय जनरल बॉडीपुढे ठेवू.” अहो, बघा जरा समोर! जनरल बॉडीला कधी कोरम होतो का? आज वड्यांच्या वासाने सगळी इमारत खाली उतरलीय. काय, सभेची आधी नोटीस काढायला हवी? मग ठराव राहू द्या. परवानगी कमिटीची लागते आणि कमिटी अख्खी तुमच्या बाजूला बसलीय. मी या सभागृहालाच विचारते, नीलाच्या भिंतीला भोक पाडायला ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा.

कोणीच नाही? व्यासपीठावरूनही नाही?

नुसती मान हलवू नका सुधीरराव, माईकवर सांगा.

“ठीक आहे. पण नळीला भिंतीचाच रंग द्यायचा.”

ऐकलंत सगळ्यांनी? धम्मदिना, काय म्हणतेस? “तोंडाला रंग नको, ते तापतं.” बरं, तोंड सोडून रंग.

नीला, आता तू उठू नकोस. “अगं, टेम्पोवाल्याला सांगितलंय.” सांगितलंय तर नको म्हणून सांग. रुचिरा, तू बोल. येशील?

आधी नळी, मग मी, म्हणते. बरोबर बोललीस. नळी बसेपर्यंत आंघोळीला माझ्याकडे ये. माझा गिझर दिवाळीपासून बंद आहे, मी शेगडीवर पाणी तापवते.

या ताटात शाल आणि श्रीफळ आहे. ते माझ्या हस्ते नीलाला द्यायचं ठरलं होतं. मी देत नाही. आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्यावं. नीला, तुझा निरोप समारंभ मोडला, त्याबद्दल मात्र मनापासून माफी मागते. चल, वडे खाऊ आणि कागदात गुंडाळलेली भांडी सोडवू.