दळण संपेपर्यंतची काळजी

मंडळी, बसा. मागे उभे आहात त्यांनीही टेका. आमच्या अंगणात एवढी माणसं कधी जमली नव्हती. सखारामदादा असता तर त्यानं आधी विचारलं असतं, एवढ्यांना चहा पुरेल का? मला बोलता येत नाही. पण तुमची भाषणं ऐकली आणि न बोलून भागणार नाही असं झालं.

मी त्याचा चुलतभाऊ. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत आणि पुढं घाट उतरून रेल्वेच्या ठेसनापर्यंत त्याच्या बैलगाड्या चालत, त्यांचं बघायला मी असे. या रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांचा धंदा पहिल्यांदा त्यानंच काढला. जाताना भात, हिरडा. येताना मीठ, कापड, राकेल. तुमच्या दुकानांत जे भरलंय ते त्याच्याच गाड्यांतून आलंय, शेठ. मान खाली कशाला घालता?

आत्ता एक जण म्हणाले, काळजीनं खाल्लं हो त्याला. वा! माझा भाऊ हिवतापानं गेला. तुमच्यातल्या दोघांनाही तोच ताप आला होता. ते बरे झाले, पुढच्या रांगेत बसलेत, आणि त्यांना कुणी भित्रा म्हणत नाही.

हो, तो घाबरायचा. गाड्या निघायच्या दिवशी त्याचे हात कापायचे. भाकरी उतरायची नाही. हे सगळ्या पेठेला माहीत होतं, कारण सगळी पेठ त्यावर हसायची. आणि सल्ले! काय एकेक सल्ले! एकानं ताईत बांधला. एकानं सांगितलं, भांग घे, निवांत वाटेल. जव्हारच्या राजाच्या दरबारातले एक कारकून म्हणाले, धंदा सोड, चाकरी धर, पगार घे आणि निवांत घोरत पड. ज्यांनी जन्मात स्वतःच्या जिवावर एक पोतं हलवलं नाही, ते त्याला धीर शिकवत होते.

आणि तो बिचारा ऐकायचा हो! घाटाच्या उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून मागं ओंडका बांधतात. दादा प्रत्येक ओंडक्याचा दोर स्वतः ओढून बघायचा. तुम्ही हसलात. म्हणालात, एवढा जीव काय टांगणीला लावतोस, सोड देवावर. त्यानं एकदा सोडलं. एकदाच. दोर झिजलेला होता. घाटात तुटला. आमचा गाडीवान, दाभोशाचा जान्या, उडी मारून वाचला, पण ढवळ्या बैल गाडीसकट दरीत गेला. त्या संध्याकाळी तुमच्यातलं कोण आलं होतं हो इथं? मी सांगतो. कुणीही नाही.

दादा चार दिवस उठला नाही. गाड्या विकतो म्हणाला. पाचव्या दिवशी पहाटे यमुनावहिनी नाचणी दळायला बसल्या आणि त्यांनी त्याला जात्यासमोर बसवलं. म्हणाल्या, "माझं दळण होईस्तोवर बोला. काय काय वाटतंय ते सगळं बोला. बैल मरेल, चाक मोडेल, काय ते. दळण संपलं की उठायचं." तो बोलला. रडला. मध्येच म्हणाला, अगं, अजून सांगायचंय. वहिनी म्हणाल्या, "आता दळण संपलं. उरलेलं उद्या."

तेव्हापासून रोज हेच. जातं फिरे तोवर काळजी. जातं थांबलं की तो उठायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि दोर तपासायला जायचा. हात कापायचेच. कापत्या हातांनी ओढून बघायचा. पुन्हा एकही गाडी दरीत गेली नाही. माझा भाऊ भित्रा होता, मंडळी, आणि भीत भीत त्यानं जे केलं ते तुमच्यातल्या एकाही मर्दाला जमलं नाही.

मला तो अजून हवा होता. फार हवा होता. असो.

काल तेरावा झाला. तेराव्याचं गोड जेवण तोंडावरून पुसायच्या आत तुमच्यातले तिघे ओटीवर आले. किती हळू बोलत होते! बाईमाणसाला हे झेपायचं नाही म्हणाले. धंद्यातलं तिला काय कळतंय म्हणाले. बैल आमच्या गोठ्यात येऊ द्यात म्हणाले. अहो, तो धंद्यातलं सगळं रोज कुणाला सांगत होता? कुठला बैल लंगडतो, कुठल्या वळणावर चाक रुततं, कुठला शेठ ओला माल कोरडा म्हणून चढवतो, हे तिनं रोज पहाटे ऐकलंय. जान्यानं ओटीखालून तोंडावर सांगितलं, "वयनी हाय तवर गाडी जाईल. सगला भ्याव तिला ठावं हाय." ते ऐकून तुम्ही हसलात. हसा. तुम्हाला दुसरं येतं काय?

आज पहाटे वहिनींनी पुन्हा जातं मांडलं. आता बोलत त्या होत्या, ऐकायला मी. लोक काय म्हणतील, गडी ऐकतील का, घाटात काही झालं तर जान्याच्या बायकोला तोंड कसं दाखवू. सगळं बोलल्या. त्यांचेही हात कापत होते. मग पीठ सुपात भरलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊजी, उठा. सभा संपली की गाड्या सोडा. दोर मी बघितलेत."

तर मंडळी, आता उभे राहा आणि दादासाठी क्षणभर गप्प राहा. त्याच्या हयातीत तुम्हाला ते जमलं नाही. आज जमवा.

आणि मग तुमच्या चपला उचला. मागच्या अंगणात गाड्या जुंपून उभ्या आहेत. वाट द्या.