दहाव्या पानावरची सही

(बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्यासोबत केनवडला चला. एप्रिलची सुरुवात, दुपारचे चार. अंगणात ओल्या हळदीचा गुडघाभर ढीग, पलीकडे लिंबाचं झाड. ओसरीवर तिघी जणी आहेत. वैभवी, वय एकोणीस, वाशीमला कॉलेजात शिकते. ज्योत्स्ना मॅडम, तिला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची नेमणूक संपली. आणि प्रयागबाई, मॅडमच्या सासूबाई. बोलणं आधीच सुरू झालंय. आवाज न करता बसा.)

वैभवी : नाई मॅडम, चहा नको. पाणीबी नको. फक्त सह्या द्या. पावणेपाचची गाडी गेली तर मी मेली.

प्रयागबाई : अवं, उन्हातून आली अन् पाणी नको म्हणते! कोणाची पोरगी हायेस तू?

वैभवी : अनसिंगच्या दौलतरावची, आजी.

ज्योत्स्ना : आधी खाली बैस. कसल्या सह्या?

वैभवी : जर्नलच्या. उद्या सकाळी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे अन् माह्या एकाही पानावर सही नाही. विभागप्रमुख सर म्हणतात, ज्यांनी प्रॅक्टिकल घेतलं त्यांची सही प्रत्येक पानावर आणा, मग मी सर्टिफिकेट देतो. सर्टिफिकेट नसलं तर परीक्षेले बसूच देत नाहीत. ऑफिसात विचारलं, मॅडम कुठं आहेत? म्हणे, गेल्या. कुठं गेल्या? म्हणे, माहीत नाही. तुमाले फोन लावला तर बंद.

ज्योत्स्ना : फोन हळदीच्या कढईत पडला.

प्रयागबाई : पडला नाई, शिजला. चांगला तासभर शिजला.

वैभवी : मग माह्या मैत्रिणीच्या, हेमलाच्या मामाचं गाव हेच निघालं म्हणून पत्ता लागला. दोन गाड्या बदलून आली मी.

ज्योत्स्ना : पण वैभवी, जुलैपासून दर गुरुवारी मी काय सांगत होते? ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्याच दिवशी जर्नल पूर्ण करायचं, त्याच दिवशी सही घ्यायची.

वैभवी : कोण करते मॅडम त्याच दिवशी? सकाळची गाडी अनसिंगले येते तवा आधीच भरलेली असते. आमी हात दाखवतो, ड्रायव्हरबी हात दाखवते, अन् निघून जाते. पहिला तास गेला. लायब्ररीत पुस्तक मागा, तर कार्ड आणा. कार्ड मागा, तर फोटो आणा. फोटो नेला, तर जेवणाची सुट्टी. परीक्षेचा फॉर्म भरायले बसली, तर मोबाईलवर तीन दिवस नुसतं ते गोल चक्र फिरून राह्यलं. चौथ्या दिवशी उघडलं, तर फॉर्मवर फोटो कोणाचा? एका दाढीवाल्याचा.

प्रयागबाई : इऽ माय! मंग?

वैभवी : मग अर्ज. मग त्या अर्जासोबत अर्ज. हॉलतिकिटावर आता फोटो माहा आहे, आजी, पण खाली सही त्या दाढीवाल्याचीच आहे.

प्रयागबाई : बरं झालं वं. कुठंतरी सही तर भेटली तुले.

वैभवी : हासू नका ना आजी. चार वाजून दहा झाले.

ज्योत्स्ना : आण ते जर्नल. तारीख मात्र आजचीच टाकीन. मागची टाकणार नाही.

वैभवी : चालते. काहीबी चालते. इथं करा, खाली उजव्या कोपऱ्यात.

ज्योत्स्ना : शैवाल... बरोबर. नेच्याचं पान... छान. मक्याच्या खोडाचा छेद... अगं, फारच सुबक काढलंस. एवढी सुबक रेघ तुझी वर्गात कधी दिसली नाही मला. काचेवर?

वैभवी : हो मॅडम. सगळेच तसंच करतात.

प्रयागबाई : काचेवर म्हंजे काय वं?

ज्योत्स्ना : आई, मागच्या वर्षीच्या पोराचं जर्नल काचेवर ठेवायचं, त्याच्यावर आपला कोरा कागद. काचेच्या खाली मोबाईलची बॅटरी लावायची. खालची रेघ वर दिसते, तिच्यावरून पेन्सिल फिरवायची.

प्रयागबाई : मंग ती काच ठेवता कशावर? मांडीवर?

वैभवी : नाही. दोन बाजूले दोन पोते ठेवले होते. त्याच्यावर काच.

प्रयागबाई : कायचे पोते?

वैभवी : आमच्या हळदीचे.

ज्योत्स्ना : थांब, हे दहावं पान. शेवटचं. 'हळदीच्या गड्ड्याचा आडवा छेद.' वैभवी, हे मोठं गोल काय आहे?

वैभवी : तेलपेशी. हळदीचं तेल असते ना त्याच्यात.

ज्योत्स्ना : तेलपेशीला इतका जाड, काळाकुट्ट काठ?

वैभवी : जुन्या जर्नलात तसाच होता.

ज्योत्स्ना : आणि तिच्या पोटात हा चौकोन?

वैभवी : केंद्रक. लिहिलं आहे ना बाजूले.

ज्योत्स्ना : चौकोनी केंद्रक? त्यात परत दोन उभ्या रेघा?

वैभवी : जुन्यात होत्या, मॅडम. मी काय मनानं टाकल्या का? करा ना सही. चार वीस झाले.

ज्योत्स्ना : तू कोणाचं जर्नल गिरवलंस?

वैभवी : बादलदादाचं. त्यानं हरीओमचं गिरवलं होतं. हरीओमनं शाहिदचं. शाहिदनं त्याच्या मोठ्या बहिणीचं, तूबाचं. तूबानं कोणाचं, ते मले माहीत नाही.

ज्योत्स्ना : मला माहीत आहे.

प्रयागबाई : काहून हासून राह्यली वं ज्योत्स्ना? अन् डोये काहून पुसून राह्यली?

ज्योत्स्ना : आई, तूबा माझ्या एक वर्ष मागे होती. तिनं माझं गिरवलं. हे गोल माझं आहे.

वैभवी : तुमचं?

ज्योत्स्ना : आपल्याच कॉलेजात, तिसऱ्या टेबलाजवळ बसायचे मी, खिडकीशी. ती गजाची खिडकी आहे ना?

वैभवी : हो, जिथं बादली ठेवतात.

ज्योत्स्ना : सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताना हळदीच्या कापावरची माझी काच नीट बसली नव्हती. पाण्यात हवा अडकली आणि बुडबुडा झाला. बुडबुड्याचा काठ असाच जाड काळा दिसतो. आणि त्याच्या पोटात खिडकीचं इवलंसं चित्र पडलं होतं. चौकोन आणि दोन गज. आमचे सर म्हणायचे, जे दिसेल ते काढा. मी काढलं. पण नाव काय द्यावं ते कळेना, म्हणून भीतभीत 'तेलपेशी' लिहिलं. चौकोनाला मी काहीच नाव दिलं नव्हतं. 'केंद्रक' तुमच्यापैकी कुणीतरी घातलंय.

प्रयागबाई : म्हंजे हवेचा फुगा अन् कॉलेजची खिडकी, अन् सारे पोरं त्याले हळद म्हणून राह्यले?

ज्योत्स्ना : नऊ वर्षं.

प्रयागबाई : खाली हळदीचे पोते, वरतं हळदीचं चित्र, मधात काच! अन् हळद कोणी पाह्यलीच नाई!

वैभवी : पाह्यली असेल कोणी, नसेल. मले माहीत नाही. मॅडम, नऊ पानांवर सह्या झाल्या. हे एक राह्यलं.

ज्योत्स्ना : यावर नाही करणार.

वैभवी : काय?

ज्योत्स्ना : बाकीच्या नऊ वेळा तू टेबलापाशी उभी होतीस, मी तुला पाहिलंय. त्या दिवशी नव्हतीस.

वैभवी : त्या दिवशी गाडी नाही थांबली मॅडम! आताच तर सांगितलं. अन् चूक तुमची, अडून माहं राह्यलं? तुमच्या सरांनी तुमाले सही देली का नाही?

ज्योत्स्ना : दिली.

वैभवी : मग?

ज्योत्स्ना : पाहिल्याशिवाय दिली.

वैभवी : अन् बादलदादाच्या हळदीच्या पानावर सही कोणाची आहे, सांगू? तुमची. मागच्या वर्षीची. मी गिरवताना बाजूलेच दिसत होती.

प्रयागबाई : पोरी, जरा हळू.

ज्योत्स्ना : बोलू द्या आई. खरं बोलतेय ती. एका दुपारी चाळीस जर्नलं होती माझ्यासमोर. माझंच चित्र माझ्या हाताखालून गेलं आणि मी ओळखलं नाही.

वैभवी : मग करा ना. एक्केचाळीसावं समजा. अर्ध्या वर्गानं तर तुमच्या सह्या स्वतःच मारल्या आहेत. एक गोल, एक शेपूट. लय सोपी आहे तुमची सही.

ज्योत्स्ना : तू का नाही मारलीस?

वैभवी : ...काय माहीत. पेन घेतला होता हातात. मग सकाळी उठून गाडीत बसली.

प्रयागबाई : येडी हाये बिचारी. दे वं सही तिले, ज्योत्स्ना. एका पानानं काय होते?

ज्योत्स्ना : आई, माझी सही म्हणजे मी लिहून देते की हिनं हे डोळ्यांनी पाहिलं. हिनं पाहिलं नाही. बादलनं नाही, शाहिदनं नाही. कुठंतरी हे थांबायला हवं की नाही? वैभवी, आत माझा सूक्ष्मदर्शक आहे. साधा, खाली आरसा असलेला. रविवारी गल्लीतल्या पोरांना दाखवते मी त्यात. ब्लेड आहे. हळद समोर पडलीय. तू स्वतः काप, स्वतः बघ, मागच्या कोऱ्या पानावर दिसेल ते काढ. चित्र वेडंवाकडं आलं तरी सही करीन.

वैभवी : अन् गाडी?

ज्योत्स्ना : गाडीत बसायचं तर आत्ता निघ. नऊ सह्या आहेत, एखादवेळी चालूनही जाईल. मी रागावणार नाही.

प्रयागबाई : अन् गाडी गेली तर लखन हाये ना. माहा लहाना पोरगा. सहाले हळद घेऊन रिसोडले जाते, मीबी पोरीकडं जाऊन राह्यली त्याच्यासंग. तुले वाशीमच्या गाडीत बसवून देतो आमी.

वैभवी : ...चार तीस झाले. द्या लवकर ते ब्लेड.

ज्योत्स्ना : हा सूक्ष्मदर्शक इथंच ओसरीवर ठेवते. गड्डा डाव्या हातात धर. ब्लेड आपल्याकडे ओढ. कागदासारखा पातळ काप हवा.

वैभवी : हा?

ज्योत्स्ना : ही भाजी झाली.

वैभवी : हा?

प्रयागबाई : हा लोणच्यात चालते.

वैभवी : आजी! ...हा पाहा मॅडम, हा.

ज्योत्स्ना : हा बरा आहे. पाण्याच्या थेंबात ठेव. आता वरून काच. एका बाजूनं टेकव, मग हळूच सोड... सोडलीस धपकन!

वैभवी : घाई आहे ना. कुठून पाहू? सारं काळंच दिसते.

ज्योत्स्ना : खालचा आरसा अंगणातल्या उजेडाकडे फिरव. अजून. आता?

वैभवी : काहीच नाही... थांबा. थांबा, थांबा. घरं आहेत. मधमाशीच्या पोळ्यासारखी, पण वाकडीतिकडी. आतमध्ये दाणेच दाणे. अन् काही घरं नुसती पिवळी आहेत, मॅडम! काठोकाठ भरलेली.

ज्योत्स्ना : त्याच तेलपेशी.

वैभवी : याच्यापाशी तर काळा काठ नाहीच! अन् किती लहान आहेत. आमी तर केवढी मोठी काढून राह्यलो होतो... एक मिनिट. आहे, आहे! तुमचं आहे इथं. मोठं गोल, काळ्या काठाचं.

ज्योत्स्ना : काचेला ब्लेडच्या पाठीनं जरासं दाब.

वैभवी : पळालं! सरकलं ते!

ज्योत्स्ना : पेशी पळते का?

वैभवी : नाही. हवा आहे. माही हवा आहे ही.

प्रयागबाई : पोरी, फाट्यावर हॉर्न वाजून राह्यला. तुही गाडी आली. पळशीन तर भेटीन.

ज्योत्स्ना : वैभवी, गाडी.

वैभवी : मॅडम, याच्या पोटातबी काहीतरी आहे. चौकोन नाही. काहीतरी हालून राह्यलं. बारीक... फांद्या आहेत. झाड आहे! तुमचं लिंबाचं झाड, आजी, तिळाएवढं!

प्रयागबाई : अवं, गाडी चालली!

वैभवी : मॅडम, हा बुडबुडा काढू का चित्रात?

ज्योत्स्ना : दिसतोय का?

वैभवी : दिसून राह्यला ना.

ज्योत्स्ना : मग काढ. आणि बाजूला जे आहे तेच नाव लिही.

वैभवी : 'हवेचा बुडबुडा.' अन् खाली लिहिते, 'आत लिंबाचं झाड, केनवड.' म्हणजे पुढच्या वर्षी कोणी गिरवलं, तर त्याले समजीन तरी.

प्रयागबाई : गेली बाई गाडी. धुराळाबी खाली बसला.

ज्योत्स्ना : झालं? आण इकडे, सही करते.

वैभवी : थांबा ना मॅडम. अजून पिवळी घरं राह्यली आहेत. अन् आजी, जराशा बाजूले सरका. झाड झाकून राह्यलं.