बारवेच्या वाटेवरची हाक

ऐका रं पोरांनो. जवळ सरका, आन् मागं बघू नका.

हौसा कासारीण घरोघरी बांगड्या भरायची. एकदा डोंगराकडच्या वस्तीवर तिला दिवस बुडाला. गाठोडं काखेत मारलं आन् बारवेच्या वाटंनं निघाली. एकटीच! बारव म्हंजे पायऱ्यांची जुनी विहीर.

मनाला चैन नव्हतं बाईच्या. दुपारी तिनं सुंदराला बांगड्या भरल्या हुत्या. सुंदरा, वस्तीवरची मुकी सून. मनगटावर चट्टे! सासू म्हणाली, "चुलीवर भाजलं." आता मला सांगा, चुलीवर भाजल्यावर उलथन्याच्या सरळ रेघा उठत्यात व्हय? हौसानं वळखलं. पर गप्प बसली.

बाभळीत शिरली, तवर मागनं हाक आली. "आये!"

अगं बया! आवाज गोदीचा. एकुलती लेक, सासरी नांदायला गेली ती दोन वर्सांत मेली.

हौसानं पाय उचलला. हाक पुढनं आली! मग पैंजण वाजलं. मग दिसलीच की, बारवेच्या काठावर, लग्नातलं लुगडं नेसून.

"आये, किती वाट बघू? हात रिकामं हायत माझं. बांगड्या भर की."

मेलेलं माणूस परत येत न्हाई, हे काय तिला कळत नव्हतं? पर सहा वर्सं त्या आवाजासाठी तळमळली हुती ती. पाय आपसूक चालले. एक पायरी, दुसरी पायरी. पाणी घोट्याला. पाणी गुडघ्याला. पोरगी मागं मागं सरकतीया, हात पुढं करून. पाणी छातीला! हौसानं हात धरला. गार! आन् गुळगुळीत. एक डाग न्हाई.

"तू माझी गोदी न्हाईस," हौसा रडत म्हणाली. "तिच्या हातावर डाग हुते. दिवाळीला मी बघितले, आन् तिला परत सासरी धाडली."

त्या हातानं मनगट आवळलं! नखं रुतली! हौसानं हिसडा दिला, पायऱ्या चढली, पळत सुटली. पर घराकडं न्हाई. थेट पोलीस पाटलाच्या दारात, निथळत.

"आण्णा, उठा. वस्तीवर मुक्या सुनंला डागत्यात. मी बघितलंय. माझं नाव लिवा."

त्याच राती पाटलानं फौजदाराला नेलं. सुंदरा गोठ्यात कोंडलेली सापडली. जिती! तिला माहेरी पोचवलं, सासूवर खटला झाला.

हौसा पुढं म्हातारी झाली. तिन्हीसांजंला दारात बसायची, कान बारवेकडं. म्या एकदा विचारलं, "मावशी, भ्या न्हाई वाटत?"

म्हणाली, "आवाज तर तिचाच हुता रं."

म्हणून सांगतो, त्या वाटंनं जाऊ नका. तुमचं कोण गेलंय, ते तिथल्या हाकेला बरोबर ठावं असतंय.