बंद केल्याचा आवाज

धुळ्याच्या दवाखान्यात नूतन मलमपट्टीच्या रांगेत बसली होती. मागच्या बाकावर एक बाई शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत होती.

"कोण भाजलं, आबा?"

"लेक. ती आत शे."

"कशानं?"

"मोडलेल्या इलेक्ट्रिक गाडीचे दोन रिले, बटणावर चालणारे मोठे स्विच, भंगारातून आणले होते. सोलरच्या बॅटरीची लाइन बंद करायला. एक माझ्या घरी लावला, एक तिला शिंदखेड्याला बसवून दिला."

"मग?"

"बटण बंद केलं की टक वाजायचा. त्या दिवशी तिला बॅटरीची तार काढायची होती, तर वाजलाच नाही. तिनं फोन करून विचारलं."

"तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, आधीच बंद असेल. काढ तार. अन् तो तर आतून चिकटलेला, लाइन चालूच."

नूतन रांगेत एक जागा पुढे सरकली. मागे बाईनं वाकून विचारलं.

"आणि तुमच्या घरचा?"

"मना रिले अजून बी टक वाजस."