ओट्याखालची अक्षरं

धारूरच्या कचेरीत जमिनीच्या कागदाच्या नकलेसाठी खोळंबलेले मोहनराव मास्तर ओसरीच्या खांबाआड उभे होते. खाली अंगणात गावकुसाबाहेरची बायनाबाई भावाशी बोलत होती. मास्तर वर आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं.

"काय झालं गं बायना? तुझ्या पोराला, आसाला, घेतलं का सरकारी शाळंत?"

"न्हाई दादा. साहेब म्हणाले, लिहिता येत न्हाई. समदी अक्षरं उलटी. डोई खाली, पाय वर."

"आं? दोन सालं तर ते मास्तराच्या ओट्यापाशी बसतंय!"

"ओट्याखाली बसतंय. मास्तर वर दुसऱ्या लेकरांचा हात धरून धुळीच्या पाटीवर गिरवून घेतेत. ह्यो समोरून बघतो. जसं दिसलं तसं मातीत काढलं."

"अन् मास्तर कधी बोलले न्हाईत?"

"हसायचे. म्हणायचे, बायने, तुझं पोरगं लई गुणाचं."

"मग साहेबापुढं सांगायचं हेच!"

"तिथंच व्हते की. साहेबांनी विचारलं, ह्याला कुणी शिकवलं? मास्तर म्हणाले, मी न्हाई."

मोहनरावांनी उपरणं कानांवर ओढून घेतलं.

"खोटं बोलला की गं!"

"न्हाई दादा, खरंच बोलले. त्यांनी कुठं हात धरला व्हता?"