दगडाकडे बघायचं नाही!

नाही नाही, खुर्ची नको, मी उभाच बरा आहे... बसायची जागा धड राहिली असती तर बसलो नसतो का? तुम्ही आपले ऐका. मला एकच सांगा, समोर दगड, खाली दगड, उजवीकडे दगड, डावीकडे काय आहे ते पडलो तेव्हा कळलं, तिकडेही दगडच! आणि अशा जागी माणसाला मोटारसायकलवर बसवून वर सांगायचं काय, तर "काका, दगडाकडे बघायचं नाही!" अरे, मग बघायचं कुठे? आकाशाकडे?

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे थेर सुचले कुणाला? मला नाही हो! मी बावन्न वर्षांचा सरळ माणूस, दगडी फरशीच्या कारखान्यात तपासनीस. सत्तावीस वर्षं माझ्यापुढून फरश्या सरकतायत आणि मी एकच काम करतोय, चीर शोधायची. आधी डोळ्यांनी, मग टिचकी मारून. चांगली फरशी खणखणते, चीर गेलेली बद्द वाजते. बद्द वाजली की खडूनं फुली, विषय संपला! म्हणजे माझा अर्धा जन्म गेला दगडाकडे बघण्यात, त्याचाच पगार मिळतो मला, आणि हा कालचा पोरगा मला शिकवतो... जाऊ दे, डोकं फिरतं.

हा पोरगा म्हणजे कोण? तर आमच्या लेकीनं पसंत केलेला! एकुलती एक लेक, अहो, शाळेत असताना तिची पट्टी वाकडी आहे म्हणून दुकानदाराशी भांडलेला बाप मी. आणि तिनं घरात आणला कोण, तर खडकाळ टेकडीवर मोटारसायकल चढवायला शिकवणारा! म्हणजे रस्ता नाही तिथं गाडी कशी चालवावी, याची शिकवणी. अहो, रस्ते आहेत ना! चांगले आहेत! मी त्याचं नाव ठेवलं उडाणटप्पू. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी सवयीनं तपासला. कोपर सोललेलं, भुवईत टाक्यांची खूण, नखांत ग्रीस. मी लेकीला आत नेऊन सांगितलं, फुली! तर म्हणते कशी, "बाबा, तो माणूस आहे, फरशी नाही." म्हटलं, फरशी परवडली, ती आपणहून टेकडीवरून खाली पडायला जात नाही. झालं! पंधरा दिवस बोलली नाही माझ्याशी. एका टेबलावर जेवतोय, आणि ही आईला सांगते, "आई, मीठ इकडे द्यायला सांग ना." अगं, मीठ माझ्या हातात आहे, मी समोर बसलोय!

सोळाव्या दिवशी बोलली. म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा त्याचं काम करून बघा. त्याची गाडी घ्या, टेकडीच्या माथ्यापर्यंत या. वर येऊन मला म्हणा नको, मी हा विषय सोडला." असं सरळ डोळ्यांत बघून म्हणाली हो... आणि माझी लेक बोलते ते करते, तो गुण माझा आहे, दुर्दैवानं. मी म्हटलं, ठरलं! तर बायको मध्येच, "अहो, तुम्ही बल्ब बदलायला स्टुलावर चढता तेव्हा मला दोन्ही हातांनी तुम्हाला धरायला लावता!" म्हटलं, तू गप्प बस, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे! खरं सांगू का तुम्हाला, मला भीती वाटत होती. उद्या हा पडेल, परवा हिला मागे बसवून पडेल, आणि मी इकडे फरश्या वाजवत बसेन. म्हणून नाही म्हणायचंच होतं मला, आणि नाही म्हणायला आधी वर पोचायचं होतं. कधी ऐकलाय असा न्याय?

गेलो रविवारी सकाळी. त्यानं माझ्या अंगावर काय काय चढवलं! छातीला कवच, पाठीला कवच, गुडघ्यांना वेगळी, डोक्यावर ते चोच असलेलं हेल्मेट, आणि माझ्या चष्म्यावर आणखी एक मोठा चष्मा. बायको म्हणते, "अहो, आत तुम्हीच आहात ना?" आणि गाडी? गाडी म्हणजे नुसता सांगाडा! एवढी उंच की मी वर बसलो तर पाय लोंबकळायला लागले, आणि सीट? पाटासुद्धा मऊ असतो हो! मी म्हटलं, "बाबा रे, या सीटवर बसायचं कसं?" तर हसतो आणि म्हणतो, "काका, बसायचंच नाही. पाय रोवून उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे, आणि जिकडे जायचंय तिकडे बघायचं. दगडाकडे बघायचं नाही. दगडाकडे बघितलं की गाडी दगडावरच जाते." मी मनात म्हटलं, गाडीला काय डोळे आहेत? घरी स्कूटर आहे माझी, तीस वर्षं चालवतोय...

तुम्हाला सांगतो, चार हात गेलो आणि एक दगड दिसला. साधाच, पावाच्या लादीएवढा. मी बघितलं. गाडी तिकडेच! इकडे वळवतोय, तिकडेच जातेय, धाडकन! हा धावत आला. "लागलं का काका? दगडाकडे बघितलंत ना?" नाही म्हटलं! खोटं बोललो, काय करणार? पुन्हा उभा राहिलो, पुन्हा दगड, पुन्हा आडवा. बरं, टेकडीवर मोकळी जागा नव्हती का? होती ना, चांगली बैलगाडी जाईल एवढी! ती सोडून मी नेमका दगडावर! आणि दर वेळी याचं तेच, न चिडता, न थकता, "दगडाकडे बघायचं नाही." अरे, एकदा तरी ओरड ना माझ्यावर! उद्धट आहे म्हणून फुली तरी मारता येईल! तर नाही, मला उठवतो, धूळ झटकतो, गाडी उभी करतो, पाणी देतो... तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पाचव्या वेळी काय झालं, अर्ध्या चढावर पोचलो होतो, हो, अर्ध्या! आणि वाटेच्या मधोमध एक भला मोठा सपाट दगड, त्यावर केसाएवढी चीर. आता मी काय करणार? सत्तावीस वर्षांची सवय! मी थांबलो. चढावर! गाडी थांबवून वाकून टिचकी मारायला गेलो. मारली, बद्द वाजला! आणि मी "बघ, बद्द आहे हा!" असं म्हणेपर्यंत गाडी एकीकडे आणि मी कुल्ल्यांवर घसरत खाली, जिथून निघालो होतो तिथं. हेच ते, खुर्ची का नको म्हणतोय ते.

मला वाटलं, आता हसेल. हसला तर बरं, माझं काम सोपं होईल. तो आला, आधी माझे हातपाय चाचपले, मग वर गेला, त्या दगडाशी गुडघ्यांवर बसला, माझ्यासारखीच टिचकी मारली, कान लावून ऐकलं. कडेला पाय देऊन दाबलं तर दगडाचे दोन तुकडे, एक घरंगळत खाली! गाडी घेऊन खाली आला तो चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, उद्या याच वाटेनं मी सहा जणांना आणणार होतो. रोज इथून जातो मी, मला कधी कळलं नाही. मला शिकवाल हे?" मला शिकवाल म्हणे! अहो, कारखान्यात सत्तावीस वर्षांत एकानं विचारलं नाही मला हे! आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, सांगा ना! मी म्हटलं, "नंतर बघू," आणि जोरात किक मारली.

मग मात्र मी वर बघितलं. वर माथ्यावर लेक उभी, आईबरोबर मागच्या पायवाटेनं चढून आलेली. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं, लहानपणी निकालाच्या दिवशी धरायची तसं. मी म्हटलं, चल, दगड गेले खड्ड्यात! तिच्याकडे बघितलं आणि सोडली गाडी... आणि काय सांगू, गेली हो! खालून धडधड, खडखड, दात वाजतायत, कवटी वाजतेय, दगड येतायत आणि जातायत, मी एकाकडे बघेन तर शपथ! नुसता तिचा चेहरा मोठा मोठा होत आला, आणि एकदम सगळं सपाट. पोचलो! मी, धरल्याशिवाय स्टुलावर न चढणारा माणूस, माथ्यावर!

हेल्मेट काढलं. आता ती धावत येईल, गळ्यात पडेल, विचारेल, बाबा, काय ठरलं? मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं, थोडं भाव खाऊन द्यायचं म्हणून. आणि नीट बघतो तर काय, मी सगळा चढ जिच्याकडे बघत आलो, ती माझ्याकडे बघतच नव्हती! माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, मला धरायला माझ्या मागून धावत चढणाऱ्या त्या उडाणटप्पूकडे! मी दोन्ही डोळ्यांनी तपासली ती नजर, तुम्हाला शप्पथ सांगतो, केसाएवढी चीर सापडेना! बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बोला ना." काय बोलणार, कपाळ? म्हटलं, पास!

पोरीला मात्र दोष नाही देत मी. त्यानं शिकवलंय तिला नीट, जिकडे जायचंय तिकडेच बघत होती ती. वाटेत मध्येच बाप उभा होता, हो, होता ना! पण दगडाकडे बघायचं नसतं म्हणे!