उंदीरघरातला कॅमेरा

मी, उंदीरघरातली मावशी (संस्थेत सगळे ह्याच नावाने ओळखतात), वय ५१ वर्षे, धंदा नोकरी, राहणार संस्थेच्या मागची गल्ली, विचारल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुते, भुसा बदलते. तिथल्या संशोधक बाई उंदरांची भीती मोजतात. आधी मला हसूच यायचं. म्हटलं, भीती काय किलोने मोजतात? पण बाईंनी दाखवलं. उंदीर मोठ्या उघड्या खोक्यात सोडायचा, वरून कॅमेरा लावायचा. घाबरलेला उंदीर भिंतीला चिकटून पळतो, निर्धास्त असला की मधोमध फिरतो. औषधाने भीती कमी झाली का, ते त्यावरून कळतं.

काल सकाळी तो कॅमेरा गायब होता. कुलूप शाबूत आणि किल्ली माझ्याकडे, म्हणून मॅनेजर साहेबांनी सगळ्यांदेखत मला चोर ठरवलं. नोकरी तर जाणारच होती, पण अब्रूही चालली होती.

बाई आल्या. त्यांनी एकेक उंदीर खोक्यात सोडला. रोज मधे बागडणारे, सगळे भिंतीला चिकटले. बाई म्हणाल्या, "रात्री इथे कुणीतरी नवखं येऊन गेलेलं दिसतंय. मावशींना हे घाबरत नाहीत."

साहेब बघायला वाकले तर उंदीर कोपऱ्यात थिजला. मी पटकन बोलले, "बघा, चोर कोण ते!"

बाईंनी मलाच दटावलं. "मावशी, असं नाही. साहेबही त्याला नवखेच. उंदीर घाबरलाय एवढंच तो सांगतो, नाव सांगत नाही."

मला भयंकर राग आला. अहो, माझा जीव टांगणीला आणि ह्यांना खरंखोटं सुचतंय! पण मग त्या साहेबांकडे वळल्या. "उंदरांवरून मावशी निर्दोष ठरत नाहीत, हेही खरं. पण मी त्यांना ओळखते. त्यांना काढायचं तर आधी मला काढा." असं माणूस मी जन्मात पाहिलं नाही.

कॅमेरा मी घेतलेला नाही. कुणावर संशय आहे का, असं विचारल्यावरून सांगते की, आहे, पण पुरावा नाही म्हणून नाव घेत नाही. घेतलं तर बाई पुन्हा रागावतील.

इथे चौकीत आल्यापासून मी भिंतीकडच्या बाकावर अंग चोरून बसले होते. बाई माझ्यासोबत आल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हवालदारांना विचारून खोलीच्या मधे खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मावशी, इथे या."

लिहिलेलं हवालदारांनी मोठ्याने वाचलं, मी बोलले तेच आहे. सही मधल्या खुर्चीत बसून केली.